पत

दर दोन महिन्यांनी रिझर्व्ह बँकेची पतधोरण समिती बसते. सहा माणसं चर्चा करतात, मग गव्हर्नर कॅमेऱ्यासमोर येऊन रेपो दर सांगतात, आणि दुसऱ्या दिवशी मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर ‘पतधोरण’ झळकतं. मागोमाग अर्थपुरवणीत पतपुरवठा, पतमानांकन, पतवाढ. इतक्या रुक्ष बातमीत एवढा घरगुती शब्द कुठून शिरला, असं मला दर वेळी वाटतं. मी हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो आत्याच्या तोंडून. ओळखीतल्या एका लग्नात मुलाकडचे ऐन मांडवात कशावरून तरी रुसून बसले, तेव्हा आत्या परतताना म्हणाली होती, ‘चारचौघांत पत घालवली बिचाऱ्यांची.’ तिथे देण्याघेण्याचा प्रश्नच नव्हता. मानपानाचा होता.

मराठीत पत असते, राहते, वाढते, जाते. ती सांभाळावी लागते. ती कुणी विकत घेतली असं मात्र कधी ऐकलं नाही. तिच्याशी यमक जुळणारा दुसरा शब्द आहे ऐपत, आणि या दोघींत लोक सहसा गोंधळ करत नाहीत. ऐपत म्हणजे तुमच्याकडे काय आहे ते. पत म्हणजे तुम्ही घेतलेलं परत आणून द्याल, असं दुसऱ्याला वाटणं. ऐपत असून पत नसलेली माणसं प्रत्येक गावात असतात. दोन एकर कोरडवाहू जमिनीवर भरपूर पत असलेली माणसंही असतात. ऐपत तिजोरीत ठेवता येते, पत ठेवायला दुसऱ्याचं डोकं लागतं. नाव आपलं, ताबा परक्याचा. या शब्दाच्या मागे मागे जायला लागलो तेव्हा मला प्रत्येक वळणावर हाच प्रश्न भेटत गेला, की आपली पत कोण सांभाळतंय आणि कशात.

व्युत्पत्ती शोधणारे ‘पत’ला संस्कृतातल्या ‘प्रति’ आणि ‘इ’ म्हणजे जाणे, इथपर्यंत नेतात. प्रत्यय, प्रतीती आणि समर्थांची लाडकी प्रचीती ही त्याच घरातली. महाराष्ट्री प्राकृतात ‘पत्तिअइ’ म्हणजे विश्वास ठेवतो. गाथासप्तशतीत हे क्रियापद भेटतं ते अर्थातच प्रेमाच्या भानगडींत, कारण तिथे दुसऱ्या भानगडी फारशा नाहीतच. हिंदीत ‘पतियाना’ म्हणजे भरवसा धरणे. आपलं ‘पत्करणे’ही याच कुळातलं मानतात: जबाबदारी पत्करणे, जोखीम पत्करणे, हार पत्करणे. म्हणजे शब्द आधी विश्वासाचा होता, पैसा त्यात नंतर आला.

शेजारच्या हिंदीत या गोष्टीला ‘साख’ म्हणतात, आणि साख आली साक्षीतून. कुणीतरी पाहिलेलं असावं लागतं, तरच साख. इंग्रजीतलं क्रेडिट लॅटिनमधल्या ‘क्रेडो’, म्हणजे ‘मी विश्वास ठेवतो’, यातून आलं. आणि हा क्रेडो भाषाशास्त्रज्ञांच्या मते आपल्या ‘श्रद्धे’चा सख्खा भाऊ आहे; दोन्ही एकाच प्राचीन जोडशब्दातून फुटलेले. क्रेडिट कार्डाचं बिल आलं की मला हे आठवतं आणि हसू येतं. श्रद्धेतून श्राद्ध झालं, आणि श्राद्ध हेही फेडणंच. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणं घेऊन येतो असं सांगितलंय: ऋषींचं, देवांचं आणि पितरांचं. आपल्याकडे हिशेब पाळण्यापासून सुरू होतो.

‘सावकार’ या शब्दाने तर कमालच केली आहे. आज सावकार म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो जुन्या मराठी सिनेमातला, धोतराचा सोगा हातात धरून विधवेच्या दारात उभा राहणारा. पण शब्द निघाला ‘साधु’पासून. साधूचा साहू, साहूचा साव. चोर की साव, असं आपण अजून विचारतो. साव म्हणजे ज्याच्या हातात काही ठेवलं तर ते जागेवर सापडतं असा माणूस; सावकार त्याच्यापासूनच. इतका चांगला शब्द इतका खाली कसा आला, याचं उत्तर शब्दकोशात नाही, पुणे-नगरच्या गावांत आहे. तिकडे येतोच.

त्याआधी साधुवाणी. सत्यनारायणाच्या पोथीतला हा व्यापारी लहानपणी मला कुणी साधू-संन्यासी वाटायचा, आणि साधू असून एवढं खोटं का बोलतो ते कळायचं नाही. तो साधा साव आहे, साहू, बाजारात पत असलेला वाणी. आणि त्याची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत थकबाकीची गोष्ट आहे. मूल झालं की पूजा करीन, म्हणतो. मुलगी होते. बायको लीलावती आठवण करून देते, तर म्हणतो तिच्या लग्नात करू. कलावतीचं लग्नही होतं, पूजा राहतेच. मग तो जावयाला घेऊन व्यापाराला रत्नसारपुरात जातो आणि तिथे राजाच्या खजिन्यातला माल चोर नेमका त्यांच्यापाशी टाकून पळतात. शिपाई दोघांना बांधून नेतात, आणि राजा त्यांचं एक अक्षर ऐकून घेत नाही. देवाने शिक्षा दिली म्हणून आपण हात जोडतो, पण ती शिक्षा किती नेमकी आहे बघा: ज्याने शब्द पाळला नाही, त्याच्या शब्दावरचा विश्वास काढून घेतला. पुढे होडीत काय आहे विचारल्यावर ‘पानं-वेली’ म्हणतो आणि खरंच पानं-वेली होतात, हा सव्याज भाग. आपण नवस ‘फेडतो’, कर्जही ‘फेडतो’. क्रियापद एकच आहे आणि पोथी रचणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असावं.

देवाच्या पतीवर उधार उचलण्याची एक उलटी गोष्टही आहे, नरसी मेहतांच्या हुंडीची. हुंडी म्हणजे एका गावी पैसे भरून दुसऱ्या गावी ते मिळवण्याची चिठ्ठी. जुनागढच्या या कफल्लक भक्ताकडे द्वारकेला निघालेले यात्रेकरू येतात. वाटेत चोरांचं भय, तेव्हा सातशे रुपये ठेवून घ्या आणि द्वारकेच्या कुणावर हुंडी लिहून द्या, म्हणतात. त्यांना कुणी टवाळखोराने पाठवलेलं असतं. नरसी शांतपणे शामळशा शेटच्या नावाने हुंडी लिहून देतात. द्वारकेत त्या नावाचा कुणी नाही हे यात्रेकरूंना तिथे गेल्यावर कळतं, आणि मग साक्षात कृष्ण शेटजीच्या वेषात येऊन हुंडी वटवतो. आपल्याकडे संतचरित्रकार महिपतींनी ही कथा ओवीबद्ध केली. चमत्कार बाजूला ठेवला तरी कथेत बाजाराचं ज्ञान पक्कं आहे. हुंडी चालते ती लिहिणाऱ्याच्या खिशावर चालत नाही. ज्याच्यावर लिहिली तो ती सकारेल का, म्हणजे मान्य करून पैसे देईल का, यावर चालते.

हुंडी या कागदावर खरं तर स्वतंत्र लिहायला हवं. दर्शनी म्हणजे दाखवताक्षणी पैसे; मुदती म्हणजे ठरल्या दिवसांनी. धनीजोग हुंडीचे पैसे ज्याचं नाव असेल त्याला, आणि शाहजोग हुंडीचे पैसे ‘शाहा’ला, म्हणजे बाजारात ज्याला सगळे ओळखतात अशा सावालाच. चोराने शाहजोग हुंडी पळवली तर त्याला आधी एखादा शाहा गाठावा लागायचा, आणि शाहा त्याला विचारणार, तू कोणाचा कोण? माणसांच्या ओळखीचंच कुलूप. रकमेत खाडाखोड होऊ नये म्हणून हुंडीत रक्कम लिहून तिची निम्मी रक्कम लिहायचे आणि ‘त्याचे दुप्पट’ असं पुन्हा. पैसे चुकते झालेल्या हुंडीला खोखा म्हणत. हरवली तर दुसरी प्रत म्हणजे पेठ, तीही हरवली तर परपेठ. जोखमी हुंडीचे पैसे माल सुखरूप पोहोचला तरच द्यायचे, म्हणजे हुंडीत विमाही आला. इंग्रजांनी १८८१ साली चेक, हुंड्या वगैरेंचा कायदा केला तेव्हा पहिल्याच कलमात देशी भाषांतल्या अशा कागदांच्या स्थानिक रिवाजांना धक्का लावला नाही. ज्या यंत्रणेत न्यायालयाशिवाय सुरतेपासून बनारसपर्यंत पैसा फिरत होता, तिला हात लावण्याइतके ते खुळे नव्हते. चेक ‘वटणे’ हा आपला शब्द हुंडीच्याच काळातला. आणि गल्लीत एखाद्याची ‘वट आहे’ असं पोरं म्हणतात तेव्हा त्यांनाही पतच म्हणायची असते, फक्त जरा दमदाटीची.

राजेही या बाजारातून सुटले नाहीत. थोरल्या बाजीरावांच्या मोहिमा कर्जावर चालायच्या, आणि त्यांनी धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या एका पत्राचा आशय असा आहे की सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पाया पडून पडून कपाळाची कातडी गेली. पालखेडला निजामाला कोंडीत पकडणारा माणूस हे लिहितोय. फौजेची पत रणांगणात, पेशव्याची सावकाराच्या ओसरीवर.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं. ‘मांडून ठेवा’ एवढे दोन शब्द नीट बोलता आले की घरातलं शेंबडं पोरही साखर-चहा घेऊन यायचं. दुकानावर ‘आज रोख उद्या उधार’ अशी पाटी, आणि पाटीच्या बरोबर खाली लाल कापडी बांधणीची लांबट वही. शेटना सगळ्यांचं सगळं माहीत असायचं. मास्तरांचा पगार कधी होतो, कुणाचा कांदा मार्केटला कधी जाणार, कुणाच्या घरी बाळंतीण आली आहे म्हणजे या महिन्यात तूप जास्त जाणार आणि बाकी थकणार. वहीत नावंही तशीच: ‘पोस्टवाले’, ‘विहिरीजवळच्या काकू’. ज्याच्याकडून येणं, त्याच्या ‘नावे’ लिहायचं. आपल्या जमाखर्चात उधारीची बाजू म्हणजेच माणसाचं नाव.

याच्या आठवणी काढून हळवं होणं फार सोपं आहे, आणि समाजमाध्यमांवर तसले मजकूर रोज फिरत असतात. पण त्या वहीत कोण नव्हतं तेही सांगायला हवं. गावाबाहेरच्या वस्तीतली, रोजंदारीवर जाणारी माणसं त्या वहीत नव्हती. आजी सांगायची, तिच्या तरुणपणी त्यांनी दुकानाच्या पायरीखाली उभं राहून रोखीने घ्यायचं, आणि मापही शेवटचं. उधारीची सगळ्यांत जास्त गरज ज्यांना, त्यांनाच पाटीवरचं वाक्य खरोखर लागू होतं. शेटच्या डोक्यातली पत आडनावाला, आळीला, जातीला चिकटलेली होती. आणि एकदा शेटने ‘मागची बाकी द्या, मग बघू’ म्हटलं की संध्याकाळपर्यंत गल्लीला कळायचं. दाद मागायला जागा नाही.

डोक्यातली पत कागदावर आली तेव्हा काय झालं, हे १८७५ साली दिसलं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तेव्हा तिकडचा कापूस थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडला. ज्यांना पूर्वी कुणी पायलीभर दाणे दिले नसते त्यांनाही कर्ज मिळू लागलं. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, त्यात सरकारने पुढच्या दोन वर्षांत शेतसारा वाढवायला सुरुवात केली. सावकाराने नवीन कर्ज बंद केलं आणि जुनं मागायला लागला. त्याआधीच, १८५९ ला, मुदतीचा कायदा झाला होता: कर्जाचं खत, म्हणजे कर्जरोखा, तीन वर्षंच चालणार. कायद्याचा हेतू व्याज साचत राहू नये हा. झालं भलतंच. दर तीन वर्षांनी सावकार नवं खत लिहून घ्यायचा, थकलेलं व्याज मुद्दलात घालून. ज्याला वाचता येत नाही तो अंगठा उमटवायचा. आपल्याकडे पूर्वापार दामदुप्पटीचा नियम होता, की एका वेळी व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करायचं नाही. पण व्याजच मुद्दल झालं तर दामदुप्पट कशाची मोजणार?

१२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोक उठले. तेव्हा हे सुपे भीमथडी तालुक्यात होतं. पाहता पाहता दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि त्याच्या अहवालात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: लोकांना हवे होते कागद. खतं, वह्या, हुकूमनामे. सावकाराने कागद काढून दिले तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही. कागद दिले नाहीत तर मारहाण, जाळपोळ. चावडीपुढे होळी झाली ती कागदांची. या माणसांना आपण कर्ज घेतलं होतं हे नाकारायचं नव्हतं, असं मला वाटतं. किती घेतलं याची आठवण दोघांच्याही डोक्यात होती, आणि कागद मात्र तिसरंच सांगत होता. खतावर सुरुवातीला धनकोनाम आणि रिणकोनाम, म्हणजे कर्ज देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव, लिहायची रीत. नावं दोघांची, भाषा एकाचीच.

१८७९ ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला आणि न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला. चांगला कायदा. पण मग सावकारांनी कर्ज देणंच आखडतं घेतलं, किंवा जमीन गहाणाऐवजी थेट खरेदीखताने लिहून घ्यायला सुरुवात केली. साधुकाराचा सावकार झाला तो याच वर्षांत कुठेतरी, असा माझा आपला कयास.

कर्जाचे कागद नाहीसे करण्याची आपली सगळ्यांत मोठी गोष्ट मात्र ऋणकोची नाही, धनकोची आहे. देहूच्या वाण्याच्या घरात महाजनकी होती. महिपती सांगतात, तुकोबांनी वडिलांच्या काळची खतं इंद्रायणीत टाकायला काढली, तेव्हा धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, तुम्ही साधू झालात, मला संसार आहे. मग वाटणी झाली. निम्मी खतं कान्होबाला, निम्मी डोहात. मला या कथेत कान्होबा फार आवडतो. त्याच्या मागण्यात काहीच वावगं नव्हतं, आणि तुकोबांनीही ते मान्य केलं. ज्यांची खतं कान्होबाच्या वाट्याला गेली त्यांना काय वाटलं असेल, हे मात्र कथा सांगत नाही.

पत एकेकट्याची नसते, चौघांची मिळूनही असू शकते, हा शोध सहकाराचा. बडोद्यात १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकर आणि मंडळींनी अन्योन्य सहकारी मंडळी काढली. हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थेचा कायदा व्हायला अजून पंधरा वर्षं होती. ‘अन्योन्य’ हे नाव ज्याला सुचलं त्याला दाद द्यायला हवी. तू माझी पत, मी तुझी. पुढे १९०४ चा कायदा आला, गावोगाव सोसायट्या निघाल्या, आणि तरीही स्वातंत्र्यानंतर १९५१-५२ ला देशभर ग्रामीण पतपाहणी झाली तेव्हा शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा निघाला ३.१ टक्के. सावकारांचा जवळपास सत्तर. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ ज्या समितीत होते तिने १९५४ च्या अहवालात लिहिलं की सहकार फसला आहे, पण तो यशस्वी झालाच पाहिजे. सरकारी अहवालात इतकं हट्टी वाक्य क्वचितच सापडतं. महाराष्ट्रातली जिल्हा बँक, विविध कार्यकारी सोसायटी आणि साखर कारखाना यांची साखळी त्या हट्टाच्या जोरावर उभी राहिली, मग ती कुणाच्या हातात गेली हा वेगळा विषय.

पतसंस्थेचं कर्ज म्हटलं की दोन जामीनदार आलेच. जामीन हा अरबी शब्द, ‘ज़ामिन’. त्याचा अर्थच मुळी हमी घेणारा माणूस. मराठीत जामीन म्हणजे माणूस न राहता ती हमी झाली, म्हणून मग आणखी एक ‘दार’ जोडावा लागला. कर्ज उचललं एकाने, बुडवलं त्याने, आणि पगारातून हप्ते कापले जाताहेत सही करणाऱ्या मेहुण्याच्या, असे संसार प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. सही करताना ते कुणी वाचत नाही, कारण समोर चहा आलेला असतो आणि नाही म्हणणं नात्यात बसत नाही. अरबीतूनच ‘अमानत’ आली, आणि तिची आपण अक्षरं उलटीपालटी करून ‘अनामत’ केली. अनामत आणि इमान एकाच धातूची लेकरं आहेत. आता निवडणुकीत अनामत जप्त होते. इमानाचं काय होतं ते आपण बघतोच.

आणि पत जाते ती फक्त कर्ज घेणाऱ्याचीच असं कुठे आहे? आमच्या तालुक्याला एक पतसंस्था होती. नाव एका देवाचं, संचालकांत सगळी ओळखीची माणसं. आत्याने शिवणकामातून जमवलेले पैसे तिथे ठेवले होते, कारण व्यवस्थापक घरी येऊन जेवून जायचा. एका सोमवारी शटर उघडलं नाही. बाहेर बायका, निवृत्त कंडक्टर, एक म्हातारे गृहस्थ पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून. ठेवीदार म्हणजे इथे धनको, आणि संस्था ऋणको. पण उन्हात उभा होता धनको. बँकेचं असतं तर ठेवविम्यातून काही मिळालं असतं. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाल्या, त्या धक्क्यातून १९६२ ला आपल्याकडे ठेवविमा सुरू झाला. आता तो पाच लाखांपर्यंत आहे. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. आत्याला आणि तिच्यासारख्या कित्येकांना हा फरक त्या सोमवारी कळला. पाटीवर ‘पत’ हा शब्द केवढा तरी मोठा रंगवला होता.

त्यानंतरही आत्याची भिशी चालू राहिली. दर महिन्याला बाराजणी जमतात, पोहे होतात, चिठ्ठी निघते, जिला लागते ती उचलते. लिहिलेलं काही नाही, शाळेच्या वहीचं एक पान सोडलं तर. मी एकदा विचारलं, ‘अगं, पहिल्याच महिन्यात उचलून एखादी यायचीच बंद झाली तर?’ आत्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी बाईमाणसाला ओळखतच नाही. ‘येईल की. जाईल कुठे? हळदीकुंकवाला तोंड दाखवायचं असतं.’ हीही जबरदस्तीच आहे, फक्त हिचे पोहे चांगले असतात.

आता आपली पत जिथे ठेवलेली असते ती जागा मी पाहिलेली नाही, तुम्हीही नाही. २००० साली सिबिल ही कर्जदारांच्या नोंदी ठेवणारी कंपनी स्थापन झाली. कोण किती कर्ज घेतो, हप्ता कोणत्या तारखेला भरतो, कार्डाच्या मर्यादेपैकी किती वापरतो, याची नोंद बँका तिच्याकडे आणि तिच्यासारख्या इतर कंपन्यांकडे धाडतात आणि त्यातून ३०० ते ९०० मधला एक आकडा निघतो. साडेसातशेच्या वर असेल तर बँकेतला माणूस खुर्ची पुढे करतो. या आकड्याला जात माहीत नाही, आळी माहीत नाही, पायरीखाली उभं राहावं लागत नाही. शेटच्या वहीपेक्षा हे निश्चित बरं, असं मी मनापासून म्हणतो. चुकीची नोंद असेल तर तक्रार करता येते, वर्षातून एकदा अहवाल फुकट मागता येतो. शेटला ‘तुमच्या डोक्यात माझ्याबद्दल काय आहे ते लिहून द्या’ असं कोण म्हणू शकलं असतं?

पण हा आकडा फक्त कर्ज ओळखतो. ज्याने आयुष्यात कधी कर्ज घेतलं नाही, भाडं वेळेवर दिलं, विजेचं बिल तारखेआधी भरलं, किराण्याची बाकी दर महिन्याला निरंक केली, तो या यादीत अनोळखी आहे. त्याच्या अहवालात आकड्याच्या जागी ‘उणे एक’ किंवा ‘एनएच’ येतं, म्हणजे इतिहासच नाही. आत्या तशीच. ‘ऋण काढून सण करू नये’ या एका वाक्यावर तिने सगळा संसार केला, म्हणून तिला पत नाही.

तिच्या नातवाला यंदा पुण्यात पहिली नोकरी लागली. दुचाकीसाठी कर्ज हवं होतं. बँकेने सांगितलं, इतिहास नाही, आधी थोडा तयार करा. कसा? तर एक क्रेडिट कार्ड घ्या. कार्ड मिळायला तरी इतिहास हवा ना? नको, वीस हजारांची मुदत ठेव करा, तिच्या तारणावर कार्ड देतो, दर महिन्याला थोडं वापरा, तारखेला फेडा, सहा महिन्यांत आकडा उभा राहील. त्याने हे सगळं घरी येऊन समजावून सांगितलं. आत्या तांदूळ निवडत होती.

‘म्हणजे वीस हजार ह्याचे?’ तिने मला विचारलं.

‘हो.’

‘आणि त्यातलेच त्याला उधार देणार?’

‘साधारण तसंच.’

‘आणि वेळेवर नाही दिले तर व्याज घेणार. त्याच्याच पैशावर.’

‘हो गं आत्या.’

‘मग शेट काय वाईट होता?’ ती म्हणाली, आणि नातवाकडे वळून, ‘हप्त्याची तारीख काय आहे रे? मला सांगून ठेव, मी कॅलेंडरवर लिहिते.’